जंपर, शंट आणि बर्ग पट्टी: घेण्याआधी, लावण्याआधी

बोर्डावरच्या शेजारच्या दोन पिना जोडणारी प्लॅस्टिकची इवलीशी टोपी म्हणजे शंट. काउंटरवर जंपर म्हणून मागितलात तरी हाच मिळेल. अँमीटरला लागणारा ७५ मिलिव्होल्टचा शंट ही वेगळी वस्तू आहे. तो हवा असेल तर किती अँपिअरचा ते आधी सांगा.

घेताना पहिली गोष्ट म्हणजे पिच. नेहमीच्या बर्ग पट्टीत, म्हणजे बोर्डावर सोल्डर केलेल्या पिनांच्या रांगेत, दोन पिनांमधलं हे अंतर २.५४ मिमी असतं. लॅपटॉपच्या जुन्या आयडीई हार्ड डिस्कवर मात्र ते २ मिमी भरतं. चुकीच्या मापाचा शंट बळेच दाबला तर पिना वाकतात किंवा आतली पत्ती फाकते, आणि फाकलेली पत्ती पुन्हा नीट पकडत नाही.

मुलाम्याकडे फारसं कुणी बघत नाही, पण तक्रारी तिथूनच सुरू होतात. पिनांवर सोनं असेल तर शंटही सोन्याच्या मुलाम्याचा घ्या, टिनवर टिन. सोन्यावर टिन बसवलं आणि यंत्र सतत थरथरणारं असलं, की टिन घासून त्याच्या ऑक्साइडचा थर साचतो आणि जोड मधूनच सुटतो. असा बोर्ड टेबलावर ठणठणीत चालतो आणि पॅनेलमध्ये गेला की रुसतो. अभ्यासाच्या प्रोजेक्टला टिनचा स्वस्त शंट पुरतो. तिथे सोन्यावर पैसे घालू नका.

मोटरचा करंट शंटमधून नेऊ नका. बऱ्याच डेटाशीटमध्ये दोन-तीन अँपिअर लिहिलेले असतात, पण ते नव्या, घट्ट शंटचे. आमचा सल्ला एक अँपिअरपर्यंतच. पुढे सरळ जाड वायर सोल्डर करा.

आता नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही जागा. एल२९८एन मोटर ड्रायव्हरवर ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा जंपर असतो. मोटरचा पुरवठा १२ व्होल्टच्या वर असेल तर तो काढा आणि ५ व्होल्ट बाहेरून द्या, नाहीतर रेग्युलेटर तापून जातो. त्याच बोर्डावर वेग ठरवणाऱ्या ईएनए, ईएनबी पिनांचे जंपर तसेच राहिले तर मोटर कायम पूर्ण वेगाने फिरते आणि दोष कोडला दिला जातो.

आरएस-४८५ च्या लाइनवर (एकाच तारजोडीवर अनेक मीटर-यंत्रं बोलतात ती) १२० ओहमचा रेझिस्टर जोडणारा जंपर फक्त दोन टोकांच्या यंत्रांवर लावा. दोन्ही मिळून ६० ओहम होतात आणि ड्रायव्हर तेवढा भार झेलतो. मधल्या एखाद्या मीटरवरही जंपर राहिला की भार ४० ओहमवर येतो, सिग्नल खचतो आणि लांबचं यंत्र अधूनमधून उत्तर द्यायचं थांबतं. नवा मीटर बदलून घेण्याआधी हे तपासा.

रिले मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलच्या पुरवठ्याचा) जंपर लावलेला असेल तर ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग, असूनही दोन्ही बाजूंचा पुरवठा एकच राहतो. अलगीकरण खरंच हवं असेल तर तो काढा, रिलेला वेगळा पुरवठा द्या आणि दोन्हींचे ग्राउंडही एकमेकांना जोडू नका.

जंपर हलवण्याआधी वीज बंद करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काढलेला शंट एकाच पिनेवर अडकवून ठेवा; जोड होत नाही आणि तो हरवतही नाही. मदरबोर्डचा सीमॉस (बायोसच्या सेटिंग्ज साठवणारी मेमरी) पुसल्यावर जंपर मूळ जागी परत लावा. न विसरणारे कमीच!

पिच ओळखता येत नसेल तर बोर्ड किंवा जुना शंट घेऊन या, मोजून देऊ. सोन्याच्या मुलाम्याचे लाल किंवा निळे हवे असतील तर आधी फोन करा. काळे बहुतेक वेळा असतात.