क्वाड बाइक घेताना सीसी शेवटी विचारा

क्वाड बाइक, म्हणजे जाड टायरांची, हँडलने चालवायची चारचाकी, बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "किती सीसीची?" ही दुचाकीची सवय. पण रानवाटा, माळरानं, दगडगोट्यांच्या चढणी अशा ठिकाणी हौसेनं हिंडण्यासाठी छोटी युटिलिटी क्वाड घ्यायची असेल, म्हणजे पुढेमागे सामानाचं कॅरिअर असलेली, मुळात शेतावरच्या कामासाठी बनवलेली गाडी, तर सीसीचा प्रश्न यादीत बराच खाली जातो. आधी विचारायचं ते वजन, रुंदी आणि उंची.

हिशोबच मांडू. गाडी २०० किलोची, वर ७५ किलोचा माणूस. समोर २० अंशांचा चढ, पायी जाणाऱ्याला धाप लावणारा. तो ताशी १० किलोमीटरने चढायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण अडीच किलोवॅट, म्हणजे साडेतीन अश्वशक्ती लागते. मऊ मातीचा विरोध आणि गिअरमधलं घर्षण धरून ती सरळ दुप्पट करा. सात झाली. २००-२५० सीसीचं साधं इंजिन याहून बरंच जास्त देतं. होंडाच्या रेकॉनचं उदाहरण घ्या: २२९ सीसी, वजन २०० किलोच्या आसपास, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. अशी गाडी चढावर अडली तर बहुतेक वेळा इंजिन दमलेलं नसतं, चाक घसरलेलं असतं.

चाकाची पकड कुठून येते हे पाहण्यासारखं आहे. मोटारीच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते. क्वाडच्या टायरमध्ये पाचच्या आसपास, काहींत तीनसुद्धा. पाच पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३५ किलो. आपली २७५ किलोची जोडी या दाबावर तोलायची तर टायरांचा मिळून जवळपास ७८५ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो, दर टायरमागे सुमारे १४ बाय १४ सेंटिमीटरचा चौकोन. चालताना आपलं सगळं वजन एका तळव्यावर येतं तेव्हा जमिनीवर पडणारा दाब जवळपास एवढाच असतो. म्हणून जिथे पाऊल रुतत नाही तिथे छोटी क्वाडही सहसा रुतत नाही. शिवाय मऊ टायर दगडाभोवती वाकतो, त्याला धरतो.

यातली गोम अशी की पाच पीएसआयमध्ये एका पीएसआयची चूक म्हणजे वीस टक्क्यांची चूक. नेहमीच्या मीटरवर हा आकडा शून्याला चिकटलेला असतो, वाचताच येत नाही. शून्य ते दहा मोजणारा वेगळा मीटर गाडीबरोबरच घ्यावा. चैनीच्या इतर सामानापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

आता मुख्य मुद्दा, गाडी उलटण्याचा. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येईल त्या बिंदूच्या, उंचीने भागा. छोट्या क्वाडवर माणूस बसल्यावर हे साधारण ४० भागिले ७० सेंटिमीटर, म्हणजे ०.५७ धरता येईल. कागदावर याचा अर्थ असा की आडव्या उतारावर तीसेक अंशांना गाडी कलंडेल. प्रत्यक्षात टायर आणि स्प्रिंगा दबतात, त्यामुळे त्याआधीच. हाच आकडा वळणावरही लागू होतो: १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २७ किलोमीटरला आतली चाकं उचलू लागतील, जमीन कडक असेल तर. मऊ जमिनीवर गाडी आधी घसरते आणि बरेचदा तेच बरं. वेग दुप्पट केला की उलटवणारं बल चौपट होतं, हे वेगळं सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात शेतावर क्वाड फार वापरतात आणि उलटून माणसंही दगावली आहेत. तिथल्या २०१९च्या सुरक्षा मानकानुसार गाडी कोणत्या कोनाला दोन चाकांवर जाते ते लेबलवर छापावं लागतं. २०२१पासून नव्या युटिलिटी क्वाडचं वर काढलेलं गुणोत्तर ०.५५ तरी हवं आणि उलटल्यावर चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी कमान किंवा तत्सम रचनाही हवी. तुम्ही कुठेही राहत असा, माहितीपत्रकात हा कोन दिलेला आहे का ते शोधा. अश्वशक्तीपेक्षा तो जास्त बोलका आहे.

या गाड्या सुरुवातीला तीनचाकी होत्या. होंडाने १९७०मध्ये तसली गाडी आणली. तीन चाकांत उलटण्याची रेषा, म्हणजे जिच्यावरून गाडी कलंडते ती, पुढच्या एकुलत्या चाकाकडून मागच्या चाकाकडे तिरकी जाते, त्यामुळे गुरुत्वमध्य तिच्या फार जवळ येतो. वळणात ब्रेक मारला की भार नेमका निमुळत्या टोकाकडे सरकतो. १९८३च्या मॉडेलपासून सुझुकीची चारचाकी एलटी१२५ आली आणि १९८८मध्ये अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री उत्पादकांनी थांबवली.

चार चाकं आली तरी एक गोष्ट बदलली नाही. क्वाडवर तोल सांभाळतो तो बसणारा. छोटी गाडी घ्या असं मी म्हणतो त्याचं मोठं कारण हेच. ७५ किलोचा माणूस २० सेंटिमीटर बाजूला सरकला तर २०० किलोच्या गाडीसह एकूण गुरुत्वमध्य साडेपाच सेंटिमीटर सरकतो. ३५० किलोच्या गाडीवर तेवढंच सरकलं तर साडेतीन. मोठी गाडी थोडी रुंद असते हे खरं, पण ती उंचही असते, आणि तिला हलवायला तुमच्याकडे शरीर तेवढंच असतं. अर्थात दोनशे किलो अंगावर येणं ही काही किरकोळ गोष्ट नाही. आणि मागे दुसरा माणूस बसवला की सगळंच बिघडतं: उंची वाढते, भार मागे जातो आणि सरकायला जागाच उरत नाही. एकट्यासाठी बनवलेल्या गाडीची लांब सीट ही चालकाला पुढेमागे सरकण्यासाठी असते.

थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची कळ, मुठीत न देता अंगठ्याखाली दिला आहे, तोही याच हालचालीमुळे. अंग टाकताना मूठ पिळली जाऊन गाडी भलतीकडे सुटू नये म्हणून. त्याच्याजवळ बहुधा एक छोटा स्क्रू असतो, नवख्यासाठी वेग मर्यादित ठेवणारा. विक्रेत्याला तो दाखवायला सांगा.

मागचा एक्सल, म्हणजे चाकं ज्यावर बसवतात तो दांडा, दोन प्रकारचा मिळतो. छोट्या गाड्यांत बहुतेक सरळ, अखंड एक्सल असतो आणि दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता असतो, त्यामुळे एक चाक घासत जाणं भाग पडतं. मातीत ते खपून जातं. डांबरी रस्त्यावर गाडी हट्टानं सरळ जाते. म्हणून ही गाडी डांबरावर पळवू नये. मागे प्रत्येक चाकाला वेगळं सस्पेन्शन असलेल्या गाड्या खडकाळ वाटेवर पाठ वाचवतात आणि पोटाखाली जागाही जास्त देतात, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. अर्ध्या दिवसाच्या फेरफटक्यांसाठी अखंड एक्सल मला पुरेसा वाटतो. फोर व्हील ड्राइव्हचंही, म्हणजे चारही चाकांना जोर देण्याचंही, तसंच. चिखल आणि बर्फ रोजचे असतील तर घ्या.

गिअरबाबत मात्र माझं मत ठाम आहे. पायाने गिअर टाकायचे पण क्लच आपोआप लागतो, अशी गाडी उतारावर इंजिनच्या जोरानेच आवरली जाते. बेल्टवर चालणाऱ्या काही पूर्ण ऑटोमॅटिक गाड्यांत थ्रॉटल सोडला की बेल्ट सैल पडतो आणि गाडी उतारावर मोकळी सुटते. काहींत यावर उपाय केलेला असतो. तेवढं विचारून घ्या, आणि विचारून भागत नसेल तर उतारावर नेऊन बघा.

जुनी गाडी बघत असाल तर चमकदार प्लास्टिक सोडा आणि एअर फिल्टरचं झाकण उघडा. आत वाळलेल्या गाळाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. मागच्या गिअरचं ऑइल दुधाळ असेल तरीही तेच. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खुळखुळ लागायला नको. शेवटी मागच्या दोन्ही टायरांचा परीघ टेपने मोजा. अखंड एक्सलवर लहानमोठे टायर असतील तर गाडी लहान टायरकडे ओढते. फरक दोन-तीन सेंटिमीटरचा निघाला तर दोन्हींत सारखी हवा भरून पुन्हा मोजा. तरीही राहिला तर दोन टायरांचे पैसे किमतीतून वजा करून बोला.