पॉलिश काढतं, वॅक्स चढतं

‘‘दादा, बाटली नकली निघाली. सकाळपासून घासघास घासून बोनेटला पॉलिश केलं, वरून पाणी मारलं तर थेंबच धरत नाहीत. आधी तरी थोडेफार धरायचे!’’

मामेभावाचा फोन. बाटली अस्सल होती आणि तिने आपलं काम चोख केलं होतं. पाण्याचे थेंब उभे करतं ते वॅक्स. याला हवं होतं वॅक्स आणि याने केलं पॉलिश. रंगावर जे काही उरलंसुरलं जुनं वॅक्स होतं, तेही पॉलिशने खरवडून नेलं. थेंब धरणार कुठून?

हा खुलासा मी इतक्या जणांना इतक्या वेळा केलाय की आता एकदाच लिहून ठेवतो. पुढचा फोन आला की हेच पाठवेन.

धुण्याबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांना येतं. गाडी सावलीत, पत्रा गार, वरून खाली, चाकं वेगळ्या फडक्याने. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची, म्हणजे निघालेली माती परत गाडीवर जात नाही. भांड्यांचा साबण वापरू नका, तो तेलकट थर काढायलाच बनवलेला असतो, त्यामुळे वॅक्सही घेऊन जातो. आणि हात जोडून एक विनंती: धूळ बसलेल्या कोरड्या गाडीवरून कोरडं फडकं फिरवणं थांबवा. रोज सकाळी नेमाने गाडी ‘पुसणारे’ लोक बघितले की माझ्या अंगावर काटा येतो. धुळीत वाळूचे कण असतात आणि फडक्याखाली ते कण म्हणजे सँडपेपर. पुढे ज्या ओरखड्यांबद्दल लिहिलंय, ते बहुतेक याच प्रेमळ हातांनी पडलेले असतात.

आता मुद्द्याचं.

घोळाचं मूळ आपल्या तोंडातल्या ‘पॉलिश’ या शब्दात आहे. बुटाला पॉलिश करतो तेव्हा डबीतलं मेणकट काहीतरी बुटावर चढवतो. लाकडाला पॉलिश करतो तेव्हाही लाकडावर थर चढतो. म्हणून डोक्यात पक्कं बसलंय की पॉलिश म्हणजे वरून लावायची चकाकी. पण फरशीला पॉलिश करतात तेव्हा काय होतं आठवा: मशीन फिरतं, पांढरा गाळ निघतो, फरशीचा वरचा पापुद्रा जातो आणि खालचा गुळगुळीत दगड चमकायला लागतो. तिथे कुणीच काही लावलेलं नसतं, उलट काढलेलं असतं. गाडीचं पॉलिश या फरशीवाल्या जातीचं आहे. बुटाच्या डबीशी ज्याचं नातं लागतं ते गाडीचं वॅक्स. बाटल्या शेजारीशेजारी, आतलं द्रव्य दिसायला जवळजवळ सारखं, दोन्ही फडक्यानेच लावायचं, दोन्हींनी गाडी चमकते. एक रंग घासतं, दुसरं रंगावर बसतं. कामं एकदम उलटी.

काढतं म्हणजे नेमकं काय काढतं, हे समजलं की निम्मा गोंधळ संपतो. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर येताना गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट असे थर असतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस धरा ७० मायक्रॉन. म्हणजे आपण ज्याला ‘गाडीची चमक’ म्हणतो, तो सगळा मामला केसापेक्षा पातळ पापुद्र्यात आहे. उन्हातले अतिनील किरण झेलणारी द्रव्यंही याच पापुद्र्यात असतात.

या पापुद्र्यावर ओरखडा पडतो म्हणजे एक बारीकशी दरी तयार होते. गुळगुळीत पृष्ठभागावरून उजेड सरळ परत येतो, दरीच्या काठांवरून मात्र वाटेल तसा फाकतो. उन्हात बोनेटवर सूर्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं ना, ते हेच. ओरखडे खरं तर सगळीकडे वेड्यावाकड्या दिशांनी असतात, आपल्याला फक्त उजेडाला आडवे पडलेले दिसतात, म्हणून जाळं गोल भासतं.

पॉलिश त्या दरीत शिरत नाही. त्यातले बारीक घर्षक कण दरीच्या दोन्ही बाजूंची जमीन घासून खाली आणतात, पार दरीच्या तळापर्यंत. जमीनच खाली आली की दरी उरत नाही. ओरखडा ‘गेला’ याचा अर्थ एवढाच. तो कायमचा गेला, आणि तेवढा क्लिअर कोटही कायमचा गेला. नखाने हलकेच तपासा: नख ओरखड्यात अडकलं तर दरी बरीच खोल आहे, तिच्यामागे लागून जमीन सपाट करत बसू नका.

वॅक्स नेमकं उलट करतं. ते जमिनीला हात लावत नाही, दरीत थोडं जाऊन बसतं आणि वरून पातळ चादर पसरतं. उजेड जरा कमी फाकतो, रंग ओला, गडद दिसतो, पाणी टिकत नाही, थेंब होऊन ओघळतं. दरी मात्र खाली जशीच्या तशी. काही आठवड्यांनी चादर झिजली की जाळं पुन्हा हजर. ‘वॅक्सने माझे ओरखडे गेले’ असं छातीठोक सांगणाऱ्यांना महिन्याभराने त्याच गाडीसमोर उन्हात उभं करावंसं वाटतं.

पण खरं नुकसान करणारी समजूत दुसरीच आहे आणि माझा सगळा राग तिच्यावर आहे. ‘पॉलिश उतरलं, परत करायला हवं.’

पॉलिश उतरत नाही! उतरायला तिथे काही लावलेलंच नसतं. घासून गुळगुळीत केलेली जागा गुळगुळीतच राहते, जोवर आपण तिच्यावर नवे ओरखडे पाडत नाही. चमक कमी झाली असेल तर कारणं बहुतेक दोनच: वरचं वॅक्स संपलं किंवा चुकीच्या पुसण्याने नवे ओरखडे पडले. पहिल्याला उपाय वॅक्स, दुसऱ्याला उपाय आधी सवय बदलणं. पण माणूस करतो काय? पॉलिशला वॅक्स समजून दर महिन्याला नेमाने पॉलिश करतो, वर ‘मी गाडीची फार काळजी घेतो’ असं सांगतो. दर वेळी थोडा क्लिअर कोट जातो. काही वर्षांनी टपावर, बोनेटवर पांढुरके डाग पडायला लागतात, पापुद्रे सुटतात, आणि मग दोष उन्हाला. ऊन सगळ्याच गाड्यांवर पडतं हो. आपल्या गाडीची छत्री आपणच घासून पातळ केलेली असते.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. वॅक्स पाहिजे तितक्या वेळा करा, जास्त झालं तर फक्त तुमची दुपार वाया जाईल. पॉलिश मात्र ओरखडे खरोखर डोळ्यांत खुपायला लागले तरच, आणि वर्षातून एकदासुद्धा गरज पडू नये. गरज पडत असेल तर धुण्यात खोट आहे.

कशाची गरज आहे हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात. धुतलेल्या बोनेटवर पाणी शिंपडा. टपोरे थेंब उभे राहिले तर वॅक्स शाबूत आहे, पाणी चादरीसारखं आडवं पसरून रेंगाळलं तर संपलंय. मग अंधारात मोबाइलचा टॉर्च रंगाजवळ तिरका धरून बघा. जाळं दिसलं तर पॉलिशचा विचार करा, नाही दिसलं तर बाटलीचं झाकण उघडू नका. या दोन परीक्षांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. जाळ्यांनी भरलेली गाडीसुद्धा थेंब झकास धरते, आणि आरशासारखी पॉलिश केलेली गाडी, मामेभावाच्या बोनेटसारखी, थेंब अजिबात धरत नाही.

आसपासची बाकी नावं पटकन उरकतो. रबिंग कंपाउंड म्हणजे पॉलिशचाच दांडगा भाऊ, कण जाड, काढण्याचा वेग जास्त. घरी हौसेने हात लावू नये असं माझं स्पष्ट मत. क्लीनर वॅक्स किंवा ‘थ्री इन वन’ म्हणजे एकाच बाटलीत थोडं घासणं आणि थोडं चढवणं. वेळ नसलेल्यांसाठी ठीक, पण मला आवडत नाही, कारण नावात वॅक्स असल्याने लोक ते वरचेवर लावतात आणि नकळत घासत राहतात. बाटलीवर ‘ओरखडे काढतं’ असं लिहिलं असेल तर आत एक तर घर्षक कण आहेत नाहीतर ओरखडे लपवणारं द्रव्य, एवढं समजून चाला. सिलँट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचं वॅक्स, टिकतं जास्त, काही महिने. मेणाचं म्हणाल तर कार्नौबा, ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं. ते जेमतेम महिना-दोन महिने टिकतं, पण गडद रंगावर जी खोली आणतं ती मला सिलँटमध्ये दिसत नाही, तेव्हा मी कार्नौबावाला. डॅशबोर्ड पॉलिश मात्र ना पॉलिश, ना वॅक्स, प्लॅस्टिकला तुळतुळीत करणारं द्रव्य आहे ते. रंगाला लावू नका. स्टिअरिंगला आणि पेडलला तर मुळीच नाही.

क्रम एकच: धुणं, गरज असेल तर पॉलिश, मग वॅक्स. उलटा केलात तर आधी चढवायचं आणि लगेच खरवडायचं, नुसती हमाली. हाताने पॉलिश करताना फोमच्या गोळ्यावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या, दोन बाय दोन फुटांचा तुकडा धरा, थर पारदर्शक होत आला की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. आधी एका कोपऱ्यावर करून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर थांबा, तुमच्या गाडीवर क्लिअर कोट नाही किंवा आता उरलेला नाही. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश करूच नका, जागोजागी चमकदार चट्टे पडतील आणि ते परत मॅट होत नाहीत.

पॉलिशमधली तेलं मागे राहतात. त्यामुळे रंग आहे त्याहून चांगला दिसतो आणि वॅक्स नीट धरत नाही. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवला की ती तेलं निघतात आणि खरं काय ते कळतं. वॅक्स मग इतकं पातळ लावायचं की लावलंय का असा प्रश्न पडावा. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदे मोडतात. बोट ओढून बघा: मागे स्वच्छ रेघ उमटली तर थर सुकलाय, चिकट फराटा आला तर थांबा. काळ्या खरबरीत प्लॅस्टिकपासून दूर राहा, तिथे बसलेला पांढरा डाग काढता काढता नाकी नऊ येतात.

मी हे सगळं शहाण्यासारखं सांगतोय, पण शिकलोय कसा तेही सांगतो. माझ्या पहिल्या गाडीच्या बोनेटवर मी उसनं आणलेलं गोल फिरणारं पॉलिशचं मशीन चालवलं होतं. मधला भाग सुरेख झाला. मग हुरूप आला आणि बोनेटच्या कडेवर मशीन जरा टेकवून धरलं. कडांवर रंग आधीच पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब त्या चिंचोळ्या रेषेवर येतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. काही सेकंदांत फोमवर निळं दिसलं. मशीन उचललं तर कडेला बोटभर लांब राखाडी पट्टी, थेट प्रायमर. गाडी विकेपर्यंत ती पट्टी तिथेच होती, आणि मी वर्षभर तिच्यावर निष्ठेने वॅक्स लावत होतो.

मामेभावाला त्याच संध्याकाळी माझ्याकडचा वॅक्सचा डबा दिला आणि फक्त बोनेटला लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने थेंबांचा फोटो पाठवला, एकेक थेंब मण्यासारखा उभा. खाली लिहिलं होतं: ‘‘आता उद्या सगळ्या गाडीला पॉलिश करतो.’’

फोन लावला.