झिदान थेट रेआल माद्रिदच्या प्रमुख प्रशिक्षकपदी बसला नव्हता

‘झिदानला मोठ्या नावावर रेआल माद्रिद या स्पॅनिश क्लबचं प्रशिक्षकपद आयतं मिळालं,’ हे फ्रान्सच्या झिनेदिन झिदान या विश्वविजेत्या फुटबॉलपटूबद्दल वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही.

2006 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात तो शेवटचा खेळला, प्रमुख प्रशिक्षक झाला जानेवारी 2016 मध्ये. मधली जवळपास दहा वर्षं लोक सोयीस्करपणे विसरतात. 2013-14 च्या हंगामात तो रेआलचा तेव्हाचा प्रमुख प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी याचा सहायक होता. मग स्पॅनिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत घसरलेला रेआलचा राखीव संघ, कास्तिया, त्याने हाती घेतला. तिथे तर नाव मुळीच कामी आलं नाही. प्रशिक्षकाचा आवश्यक परवाना नसताना संघ चालवतो म्हणून स्पॅनिश फुटबॉल महासंघाने ऑक्टोबर 2014 मध्ये त्याच्यावर तीन महिन्यांची बंदी घातली. महिन्याभरात ती उठली. एवढा विश्वविजेता खेळाडू, पण प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम त्यालाही टळला नाही. शिकण्यासाठी तो म्युनिकमध्ये बायर्न म्युनिकचा तेव्हाचा प्रशिक्षक ग्वार्दिओला घेत असलेला सरावही पाहून आला आणि 2015 मध्ये त्याने फ्रान्समधून सर्वोच्च परवाना मिळवला. कास्तियाला मात्र त्याला वरच्या श्रेणीत बढती मिळवून देता आली नाही.

पुढे 2016, 2017 आणि 2018 असे चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचे सलग तीन करंडक जिंकणारा तो पहिलाच प्रशिक्षक ठरला.