न्यू जर्सीत प्रायमरीला मतदान करायचंय? मग पक्षनोंदणीची मुदत आधी पाहा

नागरिकत्वाची शपथ झाली की मतदारयादीत नाव घालायची आपल्याकडे घाई असते. नोव्हेंबरला मतदानही होतं. जूनची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, मात्र अनेकांच्या गावीही नसते, आणि खरा निकाल पुष्कळदा तिथेच लागतो.

न्यू जर्सीत विधिमंडळाचे ४० मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून एक सिनेटर आणि असेंब्लीचे दोन सदस्य निवडले जातात. ही निवडणूक विषम वर्षी होते. दोन्ही सभागृहांची पुढची २०२७ मध्ये आहे. बरेच मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे पक्षाचं तिकीट मिळालं की निवडून येणं जवळपास ठरलेलंच, आणि तिकीट कुणाला मिळणार हे प्रायमरीत ठरतं.

शिवाय आता या मताला वजनही आलं आहे. पूर्वी बहुतेक काउंटींत (जिल्ह्यांत) पक्षाच्या स्थानिक नेत्यांनी पसंत केलेले उमेदवार मतपत्रिकेवर एकाच रांगेत छापले जात आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात पडत. मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायालयाने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ही पद्धत थांबवली आणि २०२५ मध्ये कायदाच बदलला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकत्र छापले जातात.

मतदार होण्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व हवं, निवडणुकीच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं आणि त्याआधी किमान ३० दिवस त्या काउंटीत राहिलेलं असावं. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणाऱ्या १७ वर्षांच्या मुलांनाही २०२६ पासून प्रायमरीत मत देता येतं. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी व्हिसा असेल तर नाव नोंदवू नका. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातला मतदारनोंदणीसाठीचा नागरिकत्वाचा रकाना चुकून भरला तरी पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडू शकतं. नातेवाइकांचा फॉर्म भरून देणाऱ्यांनी तर तो दोनदा वाचावा.

नोंदणी ऑनलाइन किंवा कागदी फॉर्मवर होते. मुदत निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत. ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे पुरतात. दोन्ही नसतील तर फोटो ओळखपत्राची प्रत, किंवा नाव-पत्ता असलेलं विजेचं बिल, बँक स्टेटमेंट वा पगाराची स्लिप जोडा.

आता पक्षाचं. डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्या पक्षाकडे नोंदलेलेच मत देतात, रिपब्लिकनचंही तसंच. कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून मत देता येतं, आणि तीच तुमची नोंद होते. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर पक्ष जाहीर करण्याचा फॉर्म प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पोचायला हवा, म्हणजे साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. नाव, पत्ता, पक्ष आणि सही, एवढंच त्यात भरायचं. तो म्युनिसिपल क्लार्क किंवा काउंटीच्या निवडणूक कार्यालयात द्या. त्यासाठी वर्गणी लागत नाही, कुणाचं सदस्यत्वही घ्यावं लागत नाही. नोव्हेंबरला मत कुणाला द्यायचं याचं स्वातंत्र्य पूर्ण तुमचंच राहतं.

टपालाने मत देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पक्षाची नोंद नसेल तर प्रायमरीची मतपत्रिका घरी येत नाही, म्हणून जूनमध्ये भारतात जाणार असाल तर हा फॉर्म वसंतातच भरून टाका.