कांडीतला वळू आणि आबांची शंका

तासगावच्या अलीकडं आमचा द्राक्षाचा मळा आहे, दावणीला दोन एचएफ, म्हणजे होल्स्टिन जातीच्या गाई. अमेरिकेत काही मेलेली माणसं द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवली आहेत, पुढंमागं विज्ञान त्यांना उठवेल या आशेवर, हे सांगितल्यावर आबा हसलेच. "आरं, मेलेलं माणूस गारठवून जित्तं हुतंय व्हय?"

मी दावणीकडं बोट केलं. गाय माजावर आली की डॉक्टर मोटरसायकलवर नायट्रोजनचा डबा घेऊन येतात. आत उणे 196 अंशांत वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. ज्या वळूची कांडी, तो केव्हाच मेलेलाही असतो. ऑस्ट्रेलियात 1968 साली गोठवलेल्या मेंढ्याच्या वीर्यापासून पन्नास वर्षांनी कोकरं झाली. एवढ्या थंडीत पेशीतल्या रासायनिक क्रिया जवळपास थांबतात, म्हणून काळ गेलेला कांडीला कळतच नाही.

"कांडी निराळी, माणूस निराळं."

बरोबर आहे, घोडं तिथंच अडतं. द्राक्षाचा घड फ्रीजरमध्ये ठेवून बघा, बाहेर काढला की मणी पिचपिचीत. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि बर्फाचे स्फटिक पेशींची वाट लावतात. बेदाण्याचं तसं होत नाही; त्यात पाणी थोडं, साखर दाट. माणसासाठीची युक्तीही याच जातीची: रक्त काढून घेऊन ग्लिसरॉलसारखी द्रव्यं भरायची, म्हणजे बर्फ न होता सगळं काचेसारखं थिजतं. ग्लिसरॉलचा हा उपयोग 1949 मध्ये इंग्लंडात कळला, आणि आपली कांडीही त्यातूनच आली. पण ही द्रव्यं जास्त झाली की विषारी ठरतात, आणि पुन्हा ऊब देताना सगळीकडं सारखी दिली नाही तर अवयवाला तडे जातात.

1967 च्या जानेवारीत जेम्स बेडफर्ड हा पहिला माणूस पुढं उठवण्याच्या आशेवर गोठवून ठेवला गेला. त्याला काय, आजवर एकालाही उठवता आलेलं नाही. उंदराच्या मूत्रपिंडाची गोष्ट मात्र वेगळी. मिनेसोटातल्या शास्त्रज्ञांनी ते 100 दिवसांपर्यंत थिजवून ठेवलं, लोहाचे अतिसूक्ष्म कण आणि चुंबकीय क्षेत्र वापरून आतूनच ऊब दिली, परत उंदरात बसवलं, आणि ते चाललं. हे 2023 साली जाहीर झालं. माणसाचं हृदय बाहेर काढून नुसतं बर्फात ठेवलं तर चार-सहा तासच टिकतं. ते महिनाभर ठेवता आलं तर किती घरं वाचतील! माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा या खटाटोपावर खर्च व्हावा.

राहिला मेलेल्याचा प्रश्न. 1999 मध्ये नॉर्वेत एक तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. हृदय बंद, अंग 13.7 अंशांवर. ती वाचली, पुढं कामावरही गेली. शंभर वर्षांपूर्वी तिला सरळ पुरलं असतं.

यासाठी मळा विकावा असं मी म्हणणार नाही. पण सरणावर शक्यता शून्य, डब्यात शून्याहून जरा जास्त, एवढा हिशोब मांडल्यावर आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले.

मग म्हणाले, "आन् उठल्यावर सातबारा कुणाच्या नावावर?"