तंत्रज्ञान कंपन्यांचे विज्ञान-शिक्षणसाहाय्य : ग्रामीण विदर्भ

तंत्रज्ञान व्यवसायातील कंपन्या निधी, उपकरणे किंवा कर्मचाऱ्यांचा वेळ देऊन विज्ञान, गणित व संगणक यांच्या शालेय शिक्षणाला जो हातभार लावतात, त्याचा विचार येथे विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील ग्रामीण भागापुरता केला आहे. शुल्क आकारून चालणारे वर्ग यात धरलेले नाहीत. त्यामुळे २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएल (महाराष्ट्र ज्ञान महामंडळ) या संस्थेचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम, तालुक्याच्या गावी घरोघरी माहीत असूनही, या व्याख्येबाहेर राहतो.

पूर्वपीठिका : उद्योगाच्या पैशातून विज्ञानशिक्षण विदर्भात केव्हा सुरू झाले, याबाबत एकवाक्यता नाही. एक मत वर्ध्याकडे जाते. तेथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याला मगनवाडीची जागा जमनालाल बजाज यांनी दिली. पुढे २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम ही गांधीजींची शिक्षणयोजना पुढे आली. परंतु नई तालीमेचा गाभा हस्तव्यवसाय हा होता आणि शाळेचा खर्च शाळेतल्या श्रमातून निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. देणगीवर चालणाऱ्या उपक्रमांचे मूळ तेथे शोधणे ओढूनताणून केल्यासारखे होते. दुसरे मत कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्राला महत्त्व देते. त्यांनी उपयोजित विज्ञान व रसायनाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला संपत्ती ठेवली आणि तीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. हा दाखला अधिक बळकट आहे. मात्र ते दान व्यक्तीचे होते व शिक्षण शहरातले, महाविद्यालयीन होते. कंपनीने कंपनी म्हणून गावच्या शाळेसाठी खर्च करणे, या अर्थाने १ एप्रिल २०१४ पासून लागू झालेली कंपनी कायद्यातील सामाजिक खर्चाची तरतूद हाच आरंभबिंदू मानणे सयुक्तिक वाटते. इंटेलचे शिक्षक-प्रशिक्षण देशात २००० च्या सुमारास सुरू झाले होते, हे लक्षात घेऊनही हे मत बदलावे लागत नाही.

कायदेशीर चौकट : कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर (सीएसआर) खर्चावी लागते. आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलम सांगते; हे प्राधान्य बंधनकारक नसून दिशादर्शक आहे, असा खुलासा केंद्राने २०२१ मध्ये केला. विदर्भात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा मोठ्या कंपन्यांची केंद्रे नागपूरच्या विमानतळालगतच्या मिहान या उद्योगक्षेत्रात एकवटली आहेत. साहजिकच प्राधान्य अक्षरशः पाळले, तर निधी नागपूरच्या आसपासच फिरतो. वाशीम व गडचिरोली हे केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहेत; तेथे निधी न्यायचा तर कंपनीला मुद्दाम ठरवावे लागते. २०२१ च्या नियमांनुसार बहुवार्षिक प्रकल्पाची मुदत, आरंभीचे आर्थिक वर्ष वगळून, तीन वर्षांपुढे जात नाही. सीएसआरमधून झालेली भांडवली मालमत्ताही कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. म्हणजे जिल्हा परिषद शाळेत बसवलेले उपकरणांचे संच सामान्यतः शाळेच्या दप्तरी चढतात आणि देखभालही शाळेच्याच माथी येते.

हरिसाल प्रयोग : अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील, मेळघाटच्या जंगलातले हरिसाल हे गाव राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांनी २०१६ च्या सुमारास ‘डिजिटल गाव’ म्हणून हाती घेतले. शाळा, आरोग्यसेवा व इंटरनेट जोडणी ही त्याची अंगे होत. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट देण्याची मायक्रोसॉफ्टची कल्पना त्याच काळात देशभर चर्चेत होती. भारतात उपग्रहाऐवजी जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करणारी संस्था दूरदर्शन ही एकच असल्याने ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा बव्हंशी मोकळा राहतो. या कमी वारंवारतेच्या लहरी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींपेक्षा दूर जातात आणि झाडोऱ्यातून कमी क्षीण होतात. म्हणून सागाच्या रानासाठी त्या सोयीच्या. आयआयटी मुंबईने पालघर भागातील पाड्यांवर अशी चाचणी घेतली होती. तथापि या लहरी वापरण्याचे परवाने प्रायोगिक पातळीपुढे फारसे गेले नाहीत. हरिसालच्या यशाचे दावे २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी चित्रफीत दाखवून खोडले, तर सत्ताधाऱ्यांनी त्यांचे म्हणणे फेटाळले. राजकीय वाद बाजूला ठेवला तरी, गाव जोडणे आणि मूल शिकणे या दोन बाबी वेगळ्या मोजायला हव्यात, एवढे या प्रयोगावरून दिसते.

शाळेतील स्वरूप : अटल टिंकरिंग लॅब (स्वतः वस्तू बनवून शिकण्याची शालेय प्रयोगशाळा) ही २०१६ पासूनची नीती आयोगाची योजना सहावी ते बारावीसाठी आहे, तिचे अनुदान २० लाख रुपये असून आयबीएम, डेल यांसारख्या कंपन्या मार्गदर्शनासाठी तिच्याशी जोडल्या गेल्या. चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेला ती मिळू शकत नाही. अशा शाळेच्या वाट्याला येतो तो भिंतीवरचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर, एक-दोन संगणक आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, म्हणजे बहुधा कंपनीचा प्रकल्प आटोपल्यावर. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याचे ४५ अंश तापमान यंत्रांचे आयुष्य आणखी घटवते. दोन शिक्षक व चार वर्ग अशा शाळेत, उपक्रम शिकून घेतलेल्या गुरुजींची बदली झाली की संच कपाटात जातो. शिक्षक-प्रशिक्षणाला उपकरणांइतकाच निधी राखणारे प्रकल्प म्हणूनच अधिक टिकाऊ मानावेत.

भाषा : मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया या घरच्या भाषा आहेत. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने सीजीनेट स्वर या फोनवरून लोकांच्या बातम्या देणाऱ्या संस्थेबरोबर गोंडीसाठी भाषांतर-तंत्रावर काम केले. त्याचा मुख्य भर छत्तीसगडकडे होता. शाळेत पोहोचणारे विज्ञानाचे ध्वनिचित्र-पाठ प्रायः मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत असतात.