गाडी पाणी प्यायली, म्हणजे नेमकं काय झालं?

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट. पहिल्या मोठ्या पावसात मुंबईच्या बातम्यांत पाणी तुंबणाऱ्या जागांची ही नावं येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजांसमोर टोचन करून आणलेल्या गाड्या उभ्या दिसतात. त्यात शाळेच्या व्हॅन असतात, भाजीचे टेम्पो असतात, कुरिअरवाल्यांच्या गाड्या असतात. मालक सांगत असतो, "पाणी फार नव्हतं हो, गुडघ्याएवढंसुद्धा नव्हतं." मेस्त्री एअर फिल्टरचं झाकण उघडतो, आतला भिजून लोळागोळा झालेला कागद दाखवतो आणि म्हणतो, "पाणी प्यायलीये." दोघंही खरंच बोलत असतात. डिझेल इंजिन निकामी व्हायला किती पाणी लागतं याचा हिशोब कागदावर करता येतो, आणि तो आकडा फारच लहान निघतो.

दोन लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन घेऊ. एका सिलिंडरच्या वाट्याला ५०० घन सेंटिमीटर आले. पिस्टन खाली जाताना एवढी हवा आत ओढतो आणि वर येताना ती दाबतो. पिस्टन अगदी वर पोचला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरतेच. दाबाचं गुणोत्तर १७ असेल, म्हणजे पिस्टन खाली असतानाची सगळी जागा या उरलेल्या जागेच्या १७ पट असेल, तर ही उरलेली जागा ५०० भागिले १६, म्हणजे सुमारे ३१ मिलिलिटर होते. खोकल्याच्या औषधाच्या १० मिलिलिटरच्या टोपणाने मोजलं तर जेमतेम तीन टोपणं. त्यातली बरीचशी जागा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या खळग्यात असते. पिस्टनची कड आणि सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं अंतर एखाद्या मिलिमीटरच्या आसपास असतं.

आता या सिलिंडरमध्ये हवेबरोबर ४० मिलिलिटर पाणी शिरलं असं समजा. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये हवा भरून तोंडावर बोट धरलं, तर दट्ट्या बराच आत जातो आणि सोडला की परत येतो. तीच सिरिंज पाण्याने भरून बघा, दट्ट्या ढिम्म हलत नाही. पाण्याचं आकारमान नुसतं १ टक्क्याने कमी करायचं तरी वातावरणाच्या सुमारे २२० पट दाब द्यावा लागतो. इथे तर ४० मिलिलिटर पाणी ३१ मिलिलिटरच्या जागेत कोंबायचं आहे. ते होणं नाही. पिस्टनला वाटेतच थांबावं लागतं.

पण पिस्टनला थांबू देतो कोण? मिनिटाला २,००० फेऱ्यांवर इंजिन फिरत असेल, तर पिस्टनचा खालून वर येण्याचा प्रवास १५ मिलिसेकंदांत उरकतो. मागे फ्लायव्हील नावाचं जड चाक गरगरत असतं, बाकीचे सिलिंडर जोर लावत असतात, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर मालासकट तिचं सगळं वजन चाकांमार्फत क्रँकला, म्हणजे पिस्टनना वर-खाली करणाऱ्या फिरत्या दांड्याला, ढकलत असतं. वरून पाणी हटत नाही, खालून क्रँक थांबत नाही. मधे सापडतो पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड. तो वाकतो. फारच वेग असेल तर तुटतो आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनचा ठोकळा, फोडून बाहेर येतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं "इंजिन लॉक झालं" म्हणतात.

पाणी ३१ मिलिलिटरपेक्षा कमी गेलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २० मिलिलिटर पाणी गेलं तर हवेला दबायला ११ मिलिलिटरच जागा उरते आणि १७ चं गुणोत्तर ४६ च्या घरात जातं. इंजिन अशा दाबासाठी घडवलेलंच नसतं. रॉड लगेच तुटणार नाही, पण किंचित वाकू शकतो. हे किंचित वाकणं पुढे फार छळतं.

आता डिझेलच का? पेट्रोल इंजिनं पाणी पीत नाहीत असं नाही. पण डिझेलचे जे गुण आहेत, नेमके तेच इथे अंगावर उलटतात. रुडॉल्फ डिझेलची मूळ कल्पनाच अशी की हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल आणि इंधन ठिणगीशिवाय पेटेल. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. जास्त दाब म्हणजे वर उरलेली जागा कमी. पेट्रोल इंजिनात गुणोत्तर १० धरलं तर तेवढ्याच सिलिंडरात ५५ मिलिलिटर जागा उरते, डिझेलच्या जवळजवळ पावणेदोनपट.

दुसरं, डिझेलला ठिणगी लागत नाही. जुनी पेट्रोलवरची पद्मिनी टॅक्सी आठवा. पाणी उडालं की सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर भिजायचा, गाडी जागीच बंद पडायची, ड्रायव्हर बॉनेट उघडून फडक्याने त्याची टोपी पुसत बसायचा. वैताग होता, पण त्या वैतागानेच कित्येकदा इंजिन वाचलं. डिझेलला भिजून बंद पडायला असं काही नसतं. ते चालत राहतं आणि चालत राहतं म्हणजे ओढत राहतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेट्रोल इंजिनात अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेच्या वाटेतली झडप जवळपास मिटते. डिझेलची ताकद कमी-जास्त होते ती डिझेलच्या फवाऱ्याने, हवेने नाही. त्यामुळे आपलं दोन लिटरचं इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसतं उभ्या उभ्या फिरत असलं, तरी सेकंदाला सुमारे १३ लिटर हवा आत घेतं. २,००० फेऱ्यांवर ३३ लिटर, म्हणजे मोठ्या दोन बादल्या, दर सेकंदाला. हवा आत कोंबणारा टर्बो असेल तर आणखी जास्त. हवा घेणाऱ्या नळीचं तोंड क्षणभर जरी पाण्याखाली गेलं, तरी तीन टोपणं भरायला कितीसा वेळ लागणार?

हे तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा हेडलाइटच्या आसपास असतं. साचलेलं पाणी त्याच्या खाली असतं, म्हणून ड्रायव्हर गाडी घालतो. मग समोरून बेस्टची बस येते. तिच्यापुढे पाण्याची जी लाट उठते ती व्हॅनच्या तोंडावर आदळते, आणि गुडघ्याखालचं पाणी एका क्षणात बॉनेटपर्यंत चढतं. आपणच जोरात गेलो तर आपलीच लाट पुढे उठते. इथे एक जुनी समजूत आड येते. सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून अर्ध्या क्लचवर इंजिन गर्जत ठेवायचं, असं बरेच ड्रायव्हर मानतात. पण फूटभर पाण्याचा दाब असतो ०.०३ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब). चालू इंजिनचा धूर त्याला सहज मागे सारतो. धोका मागच्या नळीत नाही, पुढच्या तोंडात आहे, आणि रेस वाढवली की ते तोंड आणखी जोरात ओढतं.

पाण्यात गाडी बंद पडली की पुढचे काही क्षण निर्णायक असतात. मागून हॉर्न वाजत असतात, गाडीत शाळेची पोरं असतात, आणि हात आपसूक चावीकडे जातो. सेल्फ मारला की एखाद्या सिलिंडरमधलं डिझेल पेटतं, त्या जोराने शेजारच्या सिलिंडरचा पिस्टन साचलेल्या पाण्यावर आदळतो, आणि नुसतं बंद पडलेलं इंजिन मोडलेलं इंजिन होतं. धक्का स्टार्ट तर त्याहून वाईट, कारण तेव्हा चाकांचा सगळा जोर थेट क्रँकवर येतो. चावी काढून घ्यावी, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला न्यावी आणि टोचन बोलवावं. पाणी वाढत असेल तर गाडीचा विचार सोडून आधी माणसं बाहेर काढावीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काचा बंद करून गाडीतच थांबलेल्या काहींचे जीव गेले होते.

गॅरेजमध्ये जाणता मेस्त्री सेल्फला हातच लावत नाही. तो आधी नोझल (डिझेलचा फवारा मारणारे) किंवा हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारे) काढतो आणि क्रँक हाताने, पान्याने फिरवतो. भोकांतून पाण्याची पिचकारी उडते. मग ऑइल उतरवतो. ते दुधाळ झालं असेल, तर पाणी खालपर्यंत पोचलेलं आहे. ते ऑइल, फिल्टर सगळं बदलायचं. टर्बोच्या गाडीत इंटरकूलर, म्हणजे आत जाणारी हवा थंड करणारा भाग, उघडून बघणं हे काम हमखास विसरलं जातं. तो पुढे, बराच खाली बसवलेला असतो आणि त्याच्या तळाशी पाणी साचून राहतं. गाडी गॅरेजमधून छान चालत निघते, हायवेला लागल्यावर ड्रायव्हर पाय दाबतो, आणि ते साठलेलं पाणी एका घोटात आत जातं.

किंचित वाकलेला रॉडही असाच दबा धरून बसतो. गाडी चालू होते, थोडी मिसिंग करते, म्हणजे मधेच झटके खाते, धूर जरा जास्त टाकते. पण रॉड वाकल्यामुळे आखूड झालेला असतो. पिस्टन पूर्वीइतका वर येत नाही, दाब कमी पडतो, आणि वाकलेल्या जागी प्रत्येक फेरीला ताण बसत राहतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, तो तुटतो. तेव्हा पावसाची आठवण कोणालाच नसते. हेड उतरवलं तर मात्र चोरी पकडता येते. चारही पिस्टन एकेक करून पूर्ण वर आणायचे आणि ब्लॉकच्या पातळीपासून मोजायचे. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला, तर रॉड वाकलेला आहे. सिलिंडरच्या भिंतीवर वरच्या कडेला काजळीचा जो पट्टा असतो, तोही त्या सिलिंडरमध्ये रुंद दिसतो, कारण पिस्टन आता खालूनच परत फिरतो.

पाणी साचलेल्या रस्त्यावर कधीच न गेलेली व्हॅनही पाण्याने खराब होते. पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, जाळीदार पट्टी असते. काचेवरचं पाणी तिथून खाली उतरून लहान भोकांतून बाहेर जातं. आपल्याकडे गाड्या पर्जन्यवृक्षाखाली किंवा गुलमोहराखाली उभ्या असतात आणि या दोन्ही झाडांची पानं बारीक. ती भोकांत बसतात, पाणी तुंबतं आणि वाट मिळेल तिथून इंजिनवर ठिबकतं. आखूड नाकाच्या व्हॅनमध्ये इंजिनचा बराच भाग याच पट्टीच्या खाली येतो. पाणी नोझलच्या खळग्यात साठतं, नोझल गंजून हेडमध्ये असे घट्ट बसतात की काढताना मोडतात. मे महिन्यात ती पट्टी उचलून हात घालून पानं काढणं, एवढंच काम आहे.

उरलं डिझेलमधलं पाणी. भारतभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमांत बसणारं डिझेल मिळतं. त्यात किलोला जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम पाणी चालतं, म्हणजे ५० लिटरच्या टाकीत फार तर आठ-नऊ मिलिलिटर. टाकीचं झाकण सैल असेल किंवा डबक्यात उघडी पडलेली टाकी असेल, तर याच्या कितीतरी पट पाणी शिरतं आणि जड असल्याने तळाशी, नेमकं इंधन ओढणाऱ्या नळीजवळ बसतं. नव्या इंजिनांत डिझेलचा दाब २,००० बारपर्यंत जातो. पंपाला आणि नोझलला वंगण म्हणून डिझेलच असतं. तिथे पाणी आलं की धातू धातूवर घासतो, गंज धरतो, आणि नोझलच्या तापलेल्या टोकाशी त्या पाण्याची वाफ होऊन टोक खराब होतं. म्हणून डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी वेगळं साठण्याची सोय आणि ते सोडायला स्क्रू दिलेला असतो. पावसाळ्यात तो अधूनमधून सैल करावा. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला तर हे पाणी सोडायला घरी पोचेपर्यंतसुद्धा वाट बघू नये.

पैशांचं म्हणाल, तर साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह (नुसती थर्ड पार्टी नव्हे) विमा पॉलिसी पुराचं नुकसान भरून देते, पण हायड्रोलॉकने मोडलेलं इंजिन त्यात सहसा बसवत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. त्यातही नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर रॉड बघतो. उभी गाडी छपरापर्यंत बुडाली तरी रॉड वाकत नाही, त्यासाठी इंजिन फिरावंच लागतं. ते पाण्यात शिरताना फिरत होतं की बंद पडल्यावर तुम्ही सेल्फ मारलात, यावरून वाद होतात. म्हणून टोचन लावण्याआधी पाण्याची पातळी दिसेल असा गाडीचा फोटो काढून ठेवावा आणि विमा कंपनीला फोन केल्याशिवाय गॅरेजला इंजिन उघडू देऊ नये.